पक्षिनिरीक्षणासाठी सुटसुटीत दुर्बीण

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमाजवळ नांदूर मध्यमेश्वर येथे बंधारा बांधण्यात आला. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे साचत गेलेल्या गाळातून उथळ पाण्याची, पाणवनस्पतींची आणि लहान लहान बेटांची एक समृद्ध पाणथळ जागा निर्माण झाली. १९८६ साली तिला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून तिची घोषणा झाली. पुढे त्याच वर्षी लोणार सरोवर आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी यांनाही हा आंतरराष्ट्रीय मान लाभला. हिवाळ्यात अशा जलाशयांवर पक्षी पाहण्यासाठी शाळांच्या सहली जातात. परंतु विद्यार्थी काठावर आणि पक्षी तीन-चारशे मीटर आत, अशी स्थिती बहुधा असते.

हे अंतर पायी कमी करण्याचा प्रयत्न झाला, की सबंध थवा उडून जातो. हिमालय ओलांडून आलेल्या पक्ष्यांच्या दृष्टीने प्रत्येक अनावश्यक उड्डाण म्हणजे चरण्याच्या वेळेचा आणि शरीरात साठविलेल्या शक्तीचा अपव्यय होय. म्हणून पक्ष्यांना न हलविता त्यांच्याजवळ पोहोचविणारी दुर्बीण हे संरक्षणाचेही साधन ठरते.

दोन प्रकारच्या दुर्बिणी

गळ्यात अडकविण्याची द्विनेत्री दुर्बीण वस्तू साधारणतः आठ ते दहा पट जवळ आणते. झाडावरील किंवा शेतातील पक्ष्यांसाठी ती सर्वोत्तम असून नव्या निरीक्षकाने पहिली खरेदी तिचीच करावी. मात्र विस्तीर्ण जलाशयावर तिची मर्यादा जाणवते. मोठ्या रोहित पक्ष्याची चोच गुलाबी व टोकाला काळी असते, तर लहान रोहित पक्ष्याची चोच गडद किरमिजी असते. हा फरक दूरवरून ओळखणे, चिखलात चरणाऱ्या लहान टिलव्यांच्या जाती वेगळ्या करणे किंवा संशोधकांनी पक्ष्याच्या पायात अडकविलेल्या रंगीत कड्यावरील अक्षरे वाचणे, यासाठी तिपाईवर बसविण्याची एकनेत्री दुर्बीण लागते. तिला ‘स्पॉटिंग स्कोप’ म्हणतात. वीस पट विशालन असलेल्या स्कोपमधून ४०० मीटरांवरील पक्षी जणू २० मीटरांवर असल्याप्रमाणे दिसतो.

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होत आली आहे. अशा गणनेत चुकीने लिहिलेले एक नावदेखील पुढील अनेक वर्षांच्या तुलनेत दोष निर्माण करते. त्यामुळे अचूक ओळख पटविणाऱ्या साधनाचे महत्त्व उघड आहे.

मोठ्या आकड्याचा मोह

स्कोपवर ‘१५-४५ × ६०’ असे आकडे छापलेले असतात. पहिले दोन आकडे विशालनाची कमीत कमी व जास्तीत जास्त मर्यादा दर्शवितात. शेवटचा आकडा पुढील भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास असतो. ग्राहकाची नजर साहजिकच विशालनाच्या आकड्याकडे जाते, आणि फसगतीचे मूळ नेमके येथेच आहे.

भिंगाच्या व्यासाला विशालनाने भागले असता डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. ६० मिलिमीटर भिंग वीस पटींवर ३ मिलिमीटर रुंदीचा झोत देते. भर उजेडात डोळ्याची बाहुलीही सुमारे २ ते ३ मिलिमीटर उघडी असल्याने चित्र तेजस्वी दिसते. तेच भिंग साठ पटींवर अवघा १ मिलिमीटर झोत देते. त्यामुळे चित्र अंधूक होते, दृश्यक्षेत्र आकसते व हाताचा हलका स्पर्शही चित्राला हादरवितो. शिवाय उन्हे चढल्यावर पाण्यावरील तापलेली हवा थरथरू लागते. अशा वेळी तिशीपलीकडील विशालन उत्तम स्कोपमध्येही क्वचितच उपयोगी पडते. म्हणून लहान आकाराच्या स्वस्त स्कोपवर साठ, शंभर असे आकडे ठळकपणे छापलेले असतील, तर तो गुण न मानता सावधगिरीचा इशारा मानावा.

भिंग केवढे असावे?

प्रकाश गोळा करण्याची क्षमता व्यासाच्या वर्गानुसार वाढते. ६५ मिलिमीटरचे भिंग ५० मिलिमीटरच्या भिंगापेक्षा सुमारे १.७ पट, तर ८० मिलिमीटरचे सुमारे २.६ पट प्रकाश गोळा करते. परंतु त्याबरोबर वजन व किंमतही वाढते. ५० मिलिमीटरचे लहान स्कोप अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचे मिळू शकतात आणि प्रवासी पिशवीत सहज मावतात. ६० ते ६५ मिलिमीटरचे स्कोप साधारणतः एक किलोच्या आगेमागे असतात. ८० मिलिमीटरच्या स्कोपला भक्कम, म्हणजेच जड तिपाई लागते. एस.टी.ने व पायी हिंडणाऱ्या निरीक्षकाला ५० मिलिमीटरचा स्कोप पुरेसा आहे. शाळा, ग्रामपंचायत किंवा निसर्गमंडळ यांच्या सामायिक वापरासाठी ६० ते ६५ मिलिमीटर हा सुवर्णमध्य होय.

नेत्रभिंग सरळ असावे की ४५ अंशांत वळलेले, याचाही विचार आवश्यक आहे. वाहनातून किंवा नावेतून पाहताना सरळ स्कोप पक्ष्यावर चटकन रोखता येतो. उलटपक्षी वळलेल्या स्कोपमध्ये तिपाई खालीच ठेवून पाचवीतील मूल व उंच शिक्षक दोघांनाही आळीपाळीने पाहता येते. त्यामुळे शाळांसाठी वळलेला प्रकार अधिक सोयीचा ठरतो. चष्मा वापरणाऱ्यांना भिंगापासून डोळा किमान १५ मिलिमीटर दूर ठेवूनही पूर्ण चित्र दिसावे लागते.

तिपाई: दुर्लक्षित अर्धांग

वीस पट विशालनात हाताचा कंपही वीस पट मोठा होतो. सर्व पैसा स्कोपवर खर्चून हलकीसलकी तिपाई घेतली, तर वाऱ्यावर चांगले भिंगही निरुपयोगी होते. म्हणून एकूण तरतुदीपैकी सुमारे चौथा हिस्सा तिपाईसाठी राखून ठेवणे श्रेयस्कर. तिपाईचा मधला दांडा शक्यतो वर काढू नये, आणि तिच्या आकड्याला पिशवी टांगून स्थैर्य वाढवावे. प्रवासात बांधावर किंवा वाहनाच्या खिडकीवर धान्याची पिशवी ठेवून तीवर स्कोप टेकविला, तरी काम भागते.

खरेदीतील दक्षता

सार्वजनिक निधीतून खरेदी होते तेव्हा ही माहिती विशेष मोलाची ठरते. दरपत्रके मागविताना केवळ विशालन नमूद केले, तर सर्वांत मोठ्या आकड्याचा व सर्वांत कमी किमतीचा निकृष्ट स्कोप पदरी पडण्याचा धोका असतो. भिंगाचा व्यास, वजनाची मर्यादा, जलरोधक बांधणी, आत भरलेला नायट्रोजन वायू, भिंगे व लोलकांवरील प्रकाशलेप, तिपाईचा तपशील आणि हमीचा कालावधी यांचा मागणीपत्रात स्पष्ट उल्लेख असावा. रंगांची कड कमी करणारी विशेष काच परवडल्यास घ्यावी. मात्र तिच्यासाठी तिपाईचा बळी देऊ नये.

शक्य असल्यास दुकानाबाहेर येऊन परीक्षा घ्यावी. दूरच्या फलकावरील अक्षरे कमी व जास्त अशा दोन्ही विशालनांवर वाचून पाहावीत. विजेच्या तारेच्या कडेला जांभळी-हिरवी झालर किती दिसते ते तपासावे. दोन स्कोप शेजारी ठेवून तुलना केली असता गुणवत्तेतील फरक लगेच ध्यानात येतो.

निगा व शिस्त

दमट हवेत भिंगावर बुरशी चढते. पावसाळ्याचे चार महिने स्कोप कातडी पिशवीत बंद ठेवण्याऐवजी हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावा आणि अधूनमधून कोरड्या हवेत काढावा. धूळ कोरडी न पुसता प्रथम मऊ ब्रशने झटकावी. स्कोपमधून सूर्याकडे कधीही पाहू नये. क्षणार्धात डोळ्यास कायमची इजा होऊ शकते. मुलांना ही सूचना सर्वप्रथम द्यावी.

काठावर स्थिर उभ्या असलेल्या एका साध्या स्कोपमधून वर्गातील प्रत्येक मुलाने आळीपाळीने चमचा पक्ष्याची चोच पाहिली आणि तो पक्षी शेवटपर्यंत निर्धास्तपणे चरत राहिला, तर त्या साधनावर झालेला खर्च सार्थकी लागला असे समजावे.