प्रौढांसाठी व्यवहारातील इंग्रजी : धर्मग्रामात करता येण्याजोगी एक सेवा

धाराशिव जिल्ह्यातील अनेक कुटुंबे रोजगार, मुलांचे शिक्षण वा औषधोपचार यांसाठी सोलापूर, पुणे, मुंबई गाठतात. गावी शेती व संसार समर्थपणे सांभाळणारी माणसे तेथील रुग्णालयाच्या किंवा कार्यालयाच्या खिडकीपाशी मात्र गप्प होतात. प्रश्न इंग्रजीत विचारला जातो आणि उत्तर सोबतच्या शाळकरी मुलाला द्यावे लागते. स्वतःच्या आजाराविषयी स्वतःच्या तोंडाने सांगता न येणे हा केवळ भाषेचा नव्हे, तर मानाचाही प्रश्न आहे.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविणे २००० साली सुरू झाले. त्याआधी शाळेत गेलेल्यांची इंग्रजीशी भेट साधारणतः पाचवीत झाली आणि ती बहुधा पाठांतर व व्याकरण यांपुरतीच राहिली. अशा प्रौढांना पुन्हा काळांच्या तक्त्यांपासून शिकवू लागल्यास जुनी भीतीच जागी होते. त्यांना आधी गरजेचे बोलणे शिकवावे. नियम मागाहून सांगता येतात.

माहीत असलेल्यापासून आरंभ

डॉक्टर, तिकीट, बिल, फॉर्म, रिचार्ज, अ‍ॅडमिशन हे शब्द आपल्या बोलण्यात रुळलेले आहेत. पहिल्याच दिवशी असे शब्द विद्यार्थ्यांकडूनच फळ्यावर लिहवून घ्यावेत, म्हणजे आपली पाटी कोरी नाही हे त्यांना उमगते. काही शब्दांचा अर्थ मात्र बदलतो. आपण चहा पिण्यासाठी ‘हॉटेलात’ जातो. इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुख्यतः उतरण्याचे ठिकाण. आपली ‘लाईट’ गेली, तर इंग्रजीत ‘पॉवर’ गेली असे म्हणतात.

आकड्यांची अडचण

पैशांच्या व्यवहारात खरी फसगत आकड्यांत होते. मराठीत पंचवीस म्हणताना आधी पाच येतात, मग वीस. इंग्रजीत आधी ट्वेंटी, मग फाइव्ह. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, ही रीत इंग्रजीत नाही. दीड व अडीच यांना तेथे एकेरी शब्द नाहीत. शिवाय फिफ्टीन आणि फिफ्टी कानाला सारखेच वाटतात. यावर सोपा उपाय असा, की रक्कम ऐकल्यावर ‘वन फाइव्ह ऑर फाइव्ह झिरो?’ असे विचारून खात्री करून घ्यावी. वर्गात जुन्या पावत्या व औषधांची बिले आणून हा सराव करावा.

आदर कोठे ठेवावा

‘पाणी दे’ आणि ‘पाणी द्या’ यांतील आदर मराठी क्रियापदातच दाखवते. इंग्रजीत लहानथोर सर्वांना ‘यू’च असल्याने तो आदर वाक्याच्या घडणीत आणावा लागतो. ‘गिव्ह मी वॉटर’ हे व्याकरणाने बरोबर असूनही हुकमासारखे वाटते. ‘कॅन आय हॅव सम वॉटर, प्लीज?’ हे विनंतीसारखे वाटते.

सर्वांत आधी मात्र अडल्या वेळी उपयोगी पडणारी तीन वाक्ये पक्की करून घ्यावीत : ‘आय डोन्ट अंडरस्टँड’, ‘प्लीज स्पीक स्लोली’ आणि ‘प्लीज से इट अगेन’. समजले नाही असे सांगता येऊ लागले, की भीती निम्मी ओसरते.

वर्ग कसा चालवावा

रविवारच्या मिस्सेनंतर तासभर पुरेसा आहे. एका तासात एकच प्रसंग घ्यावा : औषधाचे दुकान, बँक, बसस्थानक, शाळेची कचेरी. शिक्षकाने संवाद दोनदा म्हणावा, सर्वांनी एकत्र म्हणावा, मग दोघादोघांनी दुकानदार व गिऱ्हाईक होऊन तो करावा. चूक झाल्यास मध्येच थांबवू नये. शेवटी योग्य वाक्य सर्वांकडून म्हणवून घ्यावे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी जाणाऱ्या कुटुंबांचा विचार करून वर्ग जूनमध्येच सुरू करावा. शिकविण्यासाठी महाविद्यालयात जाणारे आपले युवक पुरेसे आहेत. फक्त त्यांनी वडीलधाऱ्यांना हसू नये.

मराठीचा मान राखून

इंग्रजी शिकताना मराठीचा हक्क सोडू नये. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार सामान्य ग्राहकांसाठीचे छापील अर्ज इंग्रजी, हिंदी व प्रादेशिक भाषेत उपलब्ध असावयास हवेत. मराठी अर्ज मागणे म्हणजे अडाणीपणा नव्हे.

२०२० च्या जानेवारीत तेव्हाच्या उस्मानाबाद शहरात भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद एका कॅथलिक धर्मगुरूने, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले, हे आपल्याला विसरता येणार नाही. त्याच्या कितीतरी आधी, १५७९ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मगुरू गोव्यात आले. प्रौढ वयात येथील भाषा शिकून त्यांनी मराठीत रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. इंग्रजी मातृभाषा असलेला माणूस आपली भाषा शिकला, ती लोकांशी बोलण्यासाठी. आपणही दुसऱ्याची भाषा त्याच हेतूने, संकोच न बाळगता शिकावी.

पेंटेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमेत जमलेल्या प्रत्येकाला प्रेषितांचे बोलणे आपापल्या भाषेत ऐकू आले. पवित्र आत्म्याने कोणाचीही भाषा हिरावून घेतली नाही. माणसामाणसांतील भिंत तेवढी दूर केली. आपल्या धर्मग्रामातील एखादी माता उद्या डॉक्टरांना आपले दुखणे स्वतः सांगू शकली, तर त्याच कार्याला आपला अल्पसा हातभार लागेल.