वजननिरपेक्ष श्रेष्ठता

वजननिरपेक्ष श्रेष्ठता : मुष्टियुद्ध, कुस्ती यांसारख्या द्वंद्वात्मक खेळांत निरनिराळ्या वजनगटांतील खेळाडूंची, देहभारातील फरक बाजूला ठेवून, केवळ कौशल्य व कर्तृत्व यांच्या आधारे केलेली तुलना. वजनगटांमुळे लढत समतोल होते. परंतु त्यामुळेच हलक्या व अवजड गटांतील विजेत्यांची परस्परांशी गाठ सहसा पडत नाही. ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न म्हणजे अशी क्रमवारी होय.

शरीराचा आकार वाढतो, तसा त्याचा भार घनाच्या प्रमाणात वाढतो. स्नायूंचे बळ मात्र त्यांच्या छेदाच्या क्षेत्रफळानुसार, म्हणजे सर्वसाधारणपणे वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून लहान चणीचा खेळाडू स्वतःच्या वजनाच्या मानाने अधिक बलवान असू शकतो. तुर्कस्तानचे नईम सुलेमानोग्लू यांनी १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये ६० किग्रॅ. गटात १९० किग्रॅ. वजन, म्हणजे देहभाराच्या तिपटीहून अधिक, डोक्यावर उचलले. भारोत्तोलनात उचललेले वजन मोजता येत असल्यामुळे निरनिराळ्या गटांतील खेळाडूंची तुलना गणिती सूत्राने करतात. द्वंद्वात मात्र प्रतिस्पर्धी हेच माप असते. त्यामुळे तेथील निर्णय जाणकारांच्या मतावर अवलंबून राहतो.

व्यावसायिक मुष्टियुद्धात प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा, यशातील सातत्य व एकाहून अधिक गटांतील विजेतेपदे हे निकष प्रमुख मानले जातात. अमेरिकेचे हेन्री आर्मस्ट्राँग यांच्याकडे १९३८ मध्ये फेदरवेट, लाइटवेट व वेल्टरवेट ही तीन विश्वविजेतेपदे एकाच वेळी होती. फिलिपीन्सचे मॅनी पॅकियाओ यांनी १९९८ ते २०१० या काळात आठ गटांत विजेतेपदे मिळविली. वेल्टरवेट व मिडलवेट या दोन्ही गटांचे विश्वविजेते शुगर रे रॉबिन्सन यांना अनेक जाणकार या मोजमापाचा आदर्श मानतात. १९५२ मध्ये सु. ७ किग्रॅ. अधिक वजनाच्या जोई मॅक्सिम यांच्याशी लढताना ते गुणांत आघाडीवर होते. परंतु असह्य उष्म्याने थकल्यामुळे चौदाव्या फेरीस ते उभे राहू शकले नाहीत.

महाराष्ट्रात हा प्रश्न कुस्तीच्या संदर्भात उपस्थित होतो. गावजत्रेच्या फडात पंच व वस्ताद मल्लांची अंगलट पाहून जोड लावतात. मुलांच्या कुस्त्यांपासून आरंभ होऊन इनामाची रक्कम चढत जाते आणि सर्वांत मोठ्या इनामाची, पहिल्या क्रमांकाची कुस्ती अखेरीस होते. हा मान प्रायः अवजड मल्लांना मिळतो. १९६१ मध्ये सुरू झालेल्या ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धेतही हलक्या गटांच्या स्वतंत्र लढती होतात, तथापि किताबाची लढत अवजड गटातील (अलीकडे ८६ ते १२५ किग्रॅ.) असते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ७४ किग्रॅ. गटात लढलेल्या नरसिंग यादव यांनी २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षे हा किताब जिंकला, हे या दृष्टीने लक्षणीय होय.

सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर येथील खाशाबा जाधव (१९२६–८४) यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात त्यांना सहावे स्थान मिळाले. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे त्यांनी बँटमवेट (५७ किग्रॅ.) गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. भारताला कुस्तीतील पुढचे पदक २००८ मध्ये सुशीलकुमार यांनी मिळवून दिले; तेही ६६ किग्रॅ. गटात. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मात्र मरणोत्तर मिळाला. ५७ किग्रॅ. वजनाचा मल्ल आजच्या केसरी गटाच्या मर्यादेत येऊच शकत नाही. खुल्या किताबालाच श्रेष्ठतेचे एकमेव प्रमाण मानले, तर असे कर्तृत्व गणनेबाहेर राहते.

वजननिरपेक्ष क्रमवारी वादातीत नसते. भिन्न काळांतील खेळाडूंची तुलना करताना तर अंदाजाचा भाग अधिकच वाढतो. परंतु श्रेष्ठता व सामर्थ्य या दोन भिन्न गोष्टी आहेत, याची जाणीव ती करून देते. सर्वांना हरविणारा कोण, हे आखाडा ठरवितो. मिळालेल्या देहाचा सर्वोत्तम उपयोग कोणी केला, हे ठरविण्यासाठी मात्र जाणकार प्रेक्षकाची विवेकबुद्धीच उपयोगी पडते.