कायदा वाचलेली अम्मी इंग्रजीही शिकवू शकते

पहिली-दुसरीतील अनेक मुले इंग्रजीचा धडा घडाघडा म्हणून दाखवतात. घरच्यांना वाटते, मूल वाचू लागले. पण मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून ‘हा कोणता शब्द?’ असे विचारले की ते गप्प होते. धडा पाठ झालेला असतो, वाचन आलेले नसते. पुढे तिसरी-चौथीत धडे मोठे होतात, पाठांतर पुरे पडत नाही आणि मुलावर ‘कच्चा’ असा शिक्का बसतो.

“आम्हालाच इंग्रजी येत नाही, आम्ही काय शिकवणार?” असे अनेक माता म्हणतात. पण ज्या मातेने लहानपणी मकतबमध्ये अरबी कायदा वाचला आहे, तिला या कामाची रीत आधीच ठाऊक आहे.

नाव वेगळे, आवाज वेगळा

मराठीत ‘क’चे नाव आणि आवाज एकच. कायद्यात तसे नसते. अक्षराचे नाव ‘बे’. पण जबर लागला की ‘ब’, जेर लागला की ‘बि’, पेश लागला की ‘बु’. इंग्रजीतही अक्षराचे नाव ‘बी’ आणि आवाज ‘ब्’. ‘सी-ए-टी’ कितीही वेळा घोकले तरी त्यातून ‘कॅट’ ऐकू येत नाही. ‘क्-ॲ-ट्’ हे आवाज जोडले की येतो. आवाज जोडून वाचण्याच्या या पद्धतीलाच फोनिक्स म्हणतात.

एक काळजी घ्यावी. व्यंजनाच्या शेवटी ‘अ’ लावू नये; ‘ट’ नव्हे, ‘ट्’ म्हणावे. मराठीत आपण अक्षराचा पाय मोडतो, कायद्यात जजम असतो, तसेच हे. उर्दू बोलणाऱ्या घरांना आणखी एक सोय आहे: ‘फॅन’चा पहिला आवाज ‘फे’चा आणि ‘झिप’चा ‘झे’चा. तो मुलांच्या तोंडी आधीच बसलेला असतो.

सुरुवात सहा अक्षरांपासून

एबीसीडीच्या क्रमाने जाण्याची गरज नाही. फोनिक्सची अनेक पुस्तके एस, ए, टी, आय, पी, एन या सहा अक्षरांपासून सुरू होतात. कारण एवढ्यातूनच सॅट, सिट, टॅप, नॅप, पिन, टिन असे शब्द तयार होतात आणि मुलाला वाचल्याचा आनंद लगेच मिळतो.

पुस्तक निवडताना पानावर एखादीच ओळ, तीन अक्षरांचे शब्द आणि शिकून झालेलेच आवाज आहेत ना, ते पाहावे. पुस्तक मिळाले नाही तर जुन्या वहीची कोरी पाने शिवून घ्यावीत. प्रत्येक पानावर एक शब्द ठळक लिहावा आणि चित्र पानाच्या मागे काढावे. म्हणजे मूल चित्रावरून अंदाज न करता आधी वाचेल आणि मग चित्र पाहून खात्री करील.

‘द’, ‘वॉज’, ‘सेड’ असे काही शब्द या नियमात बसत नाहीत. ते आठवड्याला एक-दोन असे तसेच ओळखीचे करून द्यावेत.

मगरिबनंतरची दहा मिनिटे

रोज दहा मिनिटे पुरेत, पण रोज हवीत. वाचताना मुलाचे बोट ओळीवर असावे. कायदा उजवीकडून वाचला जातो आणि इंग्रजी-मराठी डावीकडून, त्यामुळे सुरुवातीला गोंधळ होतो. छोटी ‘बी’ आणि ‘डी’ ही अक्षरेही मुले उलटसुलट करतात. त्यावर रागावू नये. ‘बे’, ‘ते’, ‘से’ यांतील नुक्त्यांचा फरक कळायलाही वेळ लागतोच की! मूल अडले तर शब्द सांगून टाकू नये. पहिला आवाज द्यावा आणि थांबावे.

वाचून झाले की ‘काय झालं गोष्टीत?’ असे घरच्या बोलीत विचारावे. अर्थ कळला नाही तर ते वाचन कसले? झोपताना दादी किंवा अब्बूंनी एखादी गोष्ट वाचून दाखवावी. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी, उर्दू आणि इंग्रजी गोष्टी पायरीनुसार मोफत मिळतात.

बद्रच्या लढाईनंतर ज्या कैद्यांकडे खंडणी द्यायला पैसे नव्हते पण ज्यांना लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदीनेतील दहा मुलांना शिकवावे आणि मुक्त व्हावे, अशी सवलत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिल्याचे सीरतच्या ग्रंथांत आढळते. साक्षरतेचे मोल तेव्हा इतके मानले गेले. आपल्या घरात तर एक-दोनच मुले असतात. आज मगरिबनंतर एकच आवाज घेऊन त्यांच्याजवळ बसा. इन्शाअल्लाह, काही महिन्यांत मूल स्वतःहून पुस्तक उघडेल.