मालमोटारीतून वाळूचा समुद्र

दिवाळीची सुट्टी लागली की पूर्वी मंडळी महाबळेश्वरला जात, फार तर उटकमंडला. हल्लीची तरुण मंडळी गाडी काढतात आणि कच्छच्या रणाकडे नाहीतर जैसलमेरच्या वाळूकडे तोंड वळवतात. त्यांतल्या खऱ्या हौशी लोकांना तर साधी मोटारही पुरत नाही. पुढे माणसांची खोली आणि मागे उघडा हौदा असलेली पिकअप गाडी लागते. ती एकदा दारात आली की तिचे लग्न सुरू होते म्हणा ना! टपावर तंबू, पुढे लोखंडी बंपर, त्यावर दिव्यांची रांग, बाजूने धुराड्यासारखी वर गेलेली हवेची नळी, हौद्यात फ्रीज, फ्रीजशेजारी चूल, चुलीशेजारी घडीचे टेबल. मुंडावळ्या तेवढ्या बांधायच्या राहतात.

या मंडळींच्या तोंडी एकच प्रश्न असतो, ‘गाडीत आणखी काय घालावे?’ आणि गंमत अशी की, मोटारीने वाळवंट ओलांडण्याची विद्या ज्या माणसांनी स्वतःच्या जिवावर सिद्ध केली, त्यांचा प्रश्न नेमका उलटा होता. गाडीतून आणखी काय काढता येईल, याचाच ते विचार करीत.

ही माणसे म्हणजे कैरोत नेमणुकीवर असलेले काही ब्रिटिश अधिकारी आणि त्यांचे स्नेही. राल्फ बॅग्नॉल्ड हा त्यांचा म्होरक्या. जन्म १८९६ चा, शिक्षणाने इंजिनिअर, पुढे सैन्याच्या संदेश विभागात गेलेला. १९२६ साली तो इजिप्तमध्ये आला. सुट्टीच्या दिवशी इतर अधिकारी पोलो खेळत, तेव्हा हा आणि याचे मित्र जुन्या ‘टी’ मॉडेलच्या फोर्ड गाड्या घेऊन सिनाईत नाहीतर सिवाच्या ओॲसिसकडे जात. खर्च ज्याने त्याने आपल्या खिशातून करायचा. सरकारचा त्यात एक छदामही नव्हता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कारण खिशाला चिमटा बसला की माणसाची बुद्धी फार चांगली चालते.

नाईलच्या पश्चिमेला लिबियाचे वाळवंट पसरलेले आहे. इंग्रज लेखक त्याची तुलना आकाराने हिंदुस्थानाशी करीत, एवढ्यावरून त्याचा अदमास घ्यावा. त्यात ‘वाळूचा महासमुद्र’ नावाचा एक भाग आहे. तेथे वाळूच्या डोंगररांगा एकीमागून एक अशा शेकडो मैल गेलेल्या. काही ठिकाणी त्यांची उंची तीनशे फुटांपर्यंत जाते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांची फोर्ड गाड्यांची पथके या वाळवंटाच्या कडेने फिरली होती. पण या रांगा आडव्या ओलांडून चाकांची गाडी पार जाईल, यावर जाणत्यांचा विश्वास नव्हता.

आता अशा ठिकाणी कोणती गाडी न्यावी? मोठी, बळकट, दणकट चाकांची, असे कोणीही म्हणेल. बॅग्नॉल्डने साधी बाजारातली फोर्ड निवडली. आधी ‘टी’, मागाहून ‘ए’ मॉडेल. कारणे दोन. एक म्हणजे गाडी हलकी. चार माणसांनी खांदा लावला तर रुतलेली बाहेर निघे. दुसरे म्हणजे ती इतकी साधी, की तिचे कुठलेही दुखणे वाळूत बसून पान्याने आणि हातोडीने बरे करता येई. इजिप्तमध्ये तिचे सुटे भागही मिळत. आडवाटेला जाणाऱ्याने गाडी निवडताना आजही हेच आधी पाहावे. तिच्यात किती अश्वशक्ती आहे हे पुष्कळ लोक विचारतात. ती बिघडली तर ती दुरुस्त करणारा वाटेवर कोण आहे, हे फारसे कोणी विचारीत नाही.

गाडी आली की उतरवाउतरव सुरू होई. छत काढले, पुढची काच काढली, इंजिनावरचे झाकण काढले, दरवाजे काढले. कारखान्याचा मूळ साटा काढून त्या जागी लाकडी पेटीसारखा हलका हौदा बसवला. आमच्या संस्कृत व्याकरणकारांना सूत्रातली अर्धी मात्रा वाचली की मुलगा झाल्याचा आनंद होतो असे म्हणतात. बॅग्नॉल्डचीही तीच जात. त्याचे सूत्र शब्दांचे नव्हते, पौंडांचे होते, इतकेच.

हे वेड नव्हे. यामागे साधा त्रैराशिक हिशोब आहे आणि तो कोणत्याही गृहिणीला एका दमात कळेल. माणशी दिवसाला सहा पिंट पाणी धरा, म्हणजे साडेतीन लिटरांहून थोडे कमी. पिणे, चहा, स्वयंपाक, सारे त्यातच. अंघोळीचे नाव काढू नये. सहा माणसे, दहा दिवस म्हणजे पंचेचाळीस गॅलन झाले. गॅलनला दहा पौंड या हिशोबाने साडेचारशे पौंड निव्वळ पाणी. पेट्रोल गॅलनला सात पौंडांच्या वर. हजार मैलांची मजल आणि गॅलनला दहा मैल धरले तर शंभर गॅलन लागतील, म्हणजे सातशे पौंडांवर पेट्रोल. ते पत्र्याच्या चार गॅलनी डब्यांत भरत. आपल्याकडे ज्या डब्यातून रॉकेल येई आणि मागाहून ज्याची बादली, कुंडी नाहीतर धान्याची कोठी होई, तोच हा अठरा लिटरांचा डबा. हादऱ्यांनी तो वाळवंटात सर्रास गळू लागे, म्हणून थोडे पेट्रोल वाळूला वाहण्यासाठी जास्तीचे घ्यावे लागे ते वेगळेच. यावर गाडीला दरवाजा असला काय नि नसला काय, तो उघडायला दाराशी कोणी पाहुणा थोडाच येणार? त्या दरवाजाच्या वजनाइतके पाणी मात्र उपयोगी पडते.

म्हणजे बॅग्नॉल्डने गाडीत नवे काहीच बसवले नाही काय? बसवले. पण जे बसवले ते पाहण्यासारखे आहे.

पहिली युक्ती पाण्याची. मऊ वाळूत गाडी कण्हत चालली की रेडिएटरमधले पाणी उकळते आणि वाफ होऊन उडून जाते. गाडी तहानली की माणसांच्या वाटणीचे पाणी तिला पाजायचे, हा त्या काळचा शिरस्ता. बॅग्नॉल्डच्या मंडळींनी रेडिएटरची वाफ जाण्याची नळी बाहेर काढली आणि गाडीच्या पायरीवर बांधलेल्या, अर्धा थंड पाण्याने भरलेल्या डब्यात नेऊन सोडली. वाफ डब्यात शिरून तिचे पुन्हा पाणी होई. डबाही उकळू लागला की गाडी थांबवायची, तोंड वाऱ्याकडे करायचे आणि मिनिटभर उभे राहायचे. इंजिन निवू लागले की आत पोकळी होई आणि गुडगुड आवाज करीत डब्यातले सारे पाणी रेडिएटर परत ओढून घेई. थेंब वाया नाही! खर्च म्हणाल तर एक डबा आणि हातभर नळी. माझ्या मते मोटारीच्या इतिहासात इतकी स्वस्त आणि इतकी जीव वाचवणारी वस्तू दुसरी नसेल.

दुसरी वस्तू म्हणजे लोखंडी पन्हळी. कैरोतल्या एका भंगारवाल्याकडे या मंडळींना पाचेक फूट लांबीच्या पोलादी पट्ट्या मिळाल्या. पहिल्या महायुद्धात जमिनीखालच्या खंदकांच्या छपरांसाठी केलेल्या होत्या त्या. चाक रुतले की पुढची वाळू हातांनी उकरायची, पन्हळ चाकाखाली सरकवायची आणि गाडी तिच्यावरून पुढे काढायची. ती जेमतेम पाच फूट पुढे येई. पुन्हा उकरा, पुन्हा सरकवा. कधीकधी दिवसाची मजल अशी पावलापावलाने मोजली जाई. आज दुकानांतून भडक रंगाच्या प्लॅस्टिकच्या फळ्या मिळतात त्या या पन्हळींच्याच नाती. आमच्या हौशी मंडळींपैकी बरेच जण त्या टपावर दिसतील अशा बांधतात. बांधाव्यात, पण एकदा तरी घराजवळच्या वाळूत त्या वापरून पाहाव्यात.

तिसरी गोष्ट तर चक्क काढूनच टाकायची होती, आणि ती म्हणजे टायरमधली हवा. हवा कमी केली की टायर पसरतो, जमिनीला लांब टेकतो आणि गाडीचा भार अधिक वाळूवर वाटला जातो. उंटाच्या पावलाची हीच तर खुबी आहे. मात्र वाळू संपून दगडगोटे लागले की पुन्हा पंप मारून हवा भरावी लागते, नाहीतर मऊ टायर तापतो आणि चिरतो. तेव्हा हवा काढणाऱ्याने हवा भरण्याचे साधन आधी घ्यावे.

चौथी वस्तू, सूर्याचे होकायंत्र. मोटारीच्या लोखंडाजवळ चुंबकाची सुई भ्रमिष्ट होते. दर वेळी गाडीतून उतरून दूर चालत जाऊन दिशा पाहावी लागे. बॅग्नॉल्डने अंशांच्या खुणा केलेली एक तबकडी चालकापुढे बसवली आणि मध्ये उभी सुई लावली. सुईची सावली ठरल्या खुणेवर ठेवून गाडी हाकायची, आणि सूर्य सरकेल तशी वेळ पाहून तबकडी फिरवायची. कल्पना आधीचीच होती, पण धावत्या गाडीत कामाला येईल असे रूप तिला त्याने दिले. रात्री तारे पाहून आपण नक्की कोठे आहोत ते ताडून घ्यायचे.

१९२८ साली त्याची बदली हिंदुस्थानात झाली. पण वायव्य सरहद्दीच्या ठाण्यावर बसूनही याच्या डोक्यात वाळूच! १९२९ आणि १९३० साली रजा घेऊन तो पुन्हा इजिप्तला गेला आणि वाळूच्या महासमुद्रात शिरला. तेथे एका मोठ्या टेकाडापुढे त्याने जे केले ते वाचताना आजही छाती धडधडते. हळूहळू चढण्याऐवजी त्याने गाडी भरधाव त्या पिवळ्या भिंतीवर घातली. गाडी रुतायला हवी होती. ती रुतली नाही. पाळण्यात बसल्यासारखी, एकही हादरा न देता वर गेली. वाऱ्याने चोपून बसवलेली त्या बाजूची वाळू घट्ट होती. माथ्यावर मात्र वेळीच थांबावे लागे, कारण पलीकडची बाजू कड्यासारखी उतरती आणि भुसभुशीत. वाळू कुठे घट्ट आणि कुठे मऊ, आणि का, या प्रश्नाने मग त्याला असे पछाडले की सैन्यातून निवृत्त होऊन त्याने लंडनला वाऱ्याचा बोगदा बांधला, त्यात वाळू उडवली आणि १९४१ साली उडत्या वाळूच्या शास्त्रावर ग्रंथ काढला. तो अजून प्रमाण मानला जातो.

पुढे युद्ध आले. १९३९ च्या शरदात बॅग्नॉल्डला घेऊन पूर्व आफ्रिकेकडे निघालेल्या बोटीची भूमध्य समुद्रात टक्कर झाली आणि तो योगायोगाने इजिप्तच्या किनाऱ्याला लागला. १९४० च्या उन्हाळ्यात सेनापती वेव्हेल यांनी त्याला सहा आठवड्यांत वाळवंटी पथक उभे करायला सांगितले. ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ ते हेच. माणसे न्यूझीलंडची, बरीचशी शेतकरी, यंत्राला गुराढोरांसारखे जपणारी. आणि गाड्या? लष्करी नव्हेतच. व्यापारी माल वाहणाऱ्या दीडटनी शेवरोले, मागच्या दोनच चाकांना जोर असलेल्या. स्प्रिंगांना जादा पाटे घातले, वाफेचे डबे लावले, दरवाजे आणि काचा काढून टाकल्या. १९४२ मध्ये हिंदी सैनिकांचे एक पथकही या लोकांबरोबर काम करू लागले.

या पथकाची एक हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. ३१ जानेवारी १९४१ रोजी कुफ्राच्या दक्षिणेला इटालियनांनी एका तुकडीला गाठले. काही गाड्या जळाल्या. खडकांत लपलेली चार माणसे मागे राहिली. न्यूझीलंडचा शिपाई रोनाल्ड मूर याच्या पायाला जखम, दुसऱ्याच्या गळ्याला. त्यांच्यापाशी गोळीने भोक पडलेला पाण्याचा एक डबा होता, आणि त्यात दोन गॅलनांहून कमी पाणी. खायला मुरंब्याच्या एका डब्याखेरीज जवळजवळ काही नाही. शरण जाण्याऐवजी ते आपल्याच गाड्यांच्या चाकोऱ्या धरून दक्षिणेला चालत निघाले. वाटेत सारा येथील विहिरी लागल्या, त्या शत्रूने बुजवून टाकलेल्या. दहा दिवसांनी फ्रेंचांना ते सापडले, तेव्हा मूर दोनशे मैलांहून अधिक चालून आला होता आणि अजून चालतच होता. गळ्याला जखम झालेला ईस्टन सापडल्यावर थोड्याच वेळात वारला. बाकीचे तिघे जगले. गाडीभर सामानातून शेवटी माणसाच्या हाती उरला तो एक डबा.

आता जे सांगायचे आहे ते गाडी निवडणाऱ्यांनी जरा लक्ष देऊन वाचावे. १९४१ साली या पथकाला चारही चाकांना जोर असलेल्या नव्या फोर्ड गाड्या मिळाल्या. कागदावर त्या केव्हाही सरस. पण त्या जड होत्या आणि पेट्रोल अधाशासारखे पीत. वरचा हिशोब पुन्हा मांडा: गॅलनला दहाऐवजी सहाच मैल मिळाले तर हजार मैलांना शंभराऐवजी एकशे सदुसष्ट गॅलन. पावणेपाचशे पौंडांच्या आसपास जादा ओझे. म्हणजे सहा माणसांचे दहा दिवसांचे पाणीच की! १९४२ साली कॅनडात बनलेल्या शेवरोले आल्या, पुन्हा दोनच चाकांना जोर असलेल्या, आणि मंडळी त्यांच्याकडे परत वळली.

याचा अर्थ आज चारचाकी जोराची गाडी घेऊ नये असा मुळीच नाही. तेव्हाच्या आणि आताच्या यंत्रात फार फरक पडला. पण वजनाचे गणित तेच आहे. प्रत्येक पिकअपला कंपनीने ओझ्याची मर्यादा घालून दिलेली असते, आणि तीत माणसे, पाणी, लोखंडी बंपर आणि तो टपावरचा तंबूदेखील मोजायचा असतो, हे विक्रेता क्वचितच सांगतो. टपावर चढवलेले प्रत्येक ओझे वळणावर गाडीला कलंडायला मदत करते. कंपनीच्या मूळ नमुन्यात मनमानी फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानेही मज्जाव आहे. तेव्हा सामान भरून, टाकी भरून, घरच्या मंडळींना बसवून गाडी एकदा रस्त्याकडेच्या वजनकाट्यावर घालावी. पन्नासशंभर रुपयांची पावती हातात पडेल आणि पुष्कळ सामान आपण होऊन खाली उतरेल. फ्रीज उतरवताना घरात थोडी बोलाचाली होईल, तेवढे सोसावे.

त्या पथकाने वाळवंटात टाकून दिलेल्या शेवरोलेंपैकी एक गाडी १९८० साली लिबियात सापडली. चाळीस वर्षे वाळूने घासलेली ती गाडी लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमने तशीच, रंगरंगोटी न करता जपली आहे. बॅग्नॉल्ड १९९० साली, चौऱ्याण्णवाव्या वर्षी वारला. मंगळावरची वाळूची टेकाडे कशी झाली असतील हे समजून घेण्यासाठी अमेरिकेच्या अवकाश संस्थेने त्याच्या म्हातारपणी त्याला बोलावले होते. आणि २०१५ साली ‘क्युरिऑसिटी’ नावाची त्यांची सहाचाकी गाडी मंगळावरच्या ज्या काळ्या टेकाडांशी जाऊन उभी राहिली, त्यांना बॅग्नॉल्डचेच नाव दिलेले आहे. त्या गाडीलाही दरवाजे नाहीत.