दंडाच्या इशाऱ्यावर ड्रोन

पावसाळ्याच्या उत्तरार्धात बुलढाणा जिल्ह्यात पऱ्हाटी छातीला लागते आणि पाठीवरचे फवारणी पंप बाहेर निघतात. औषधाचे तुषार पिकाबरोबर फवारणाऱ्याच्या अंगावरही येतात. २०१७ च्या हंगामात विदर्भातच, यवतमाळ जिल्ह्यात, फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीच्या ड्रोनकडे त्यामुळे केवळ हौस म्हणून पाहता येत नाही. तो चालवणारा माणूस तुषारांपासून दूर उभा राहतो.

आज हा ड्रोन रिमोटच्या दांड्यांवर चालतो आणि त्यासाठी प्रशिक्षण व प्रमाणपत्र लागते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोसेफ डेलप्रेटो आणि डॅनिएला रुस यांनी २०२० मध्ये रिमोटशिवाय ड्रोन उडवून दाखवला. दंडावर आणि हाताच्या पुढच्या भागावर संवेदक चिकटवायचे. मूठ आवळली की ड्रोन पुढे जातो, मनगट हलवले की त्या दिशेला सरकतो, दंड ताठ केला की थांबतो. अंग चोरताना दंड आपोआप ताठ होतो, म्हणून थांबण्यासाठी हीच खूण निवडली, हे फार शहाणपणाचे.

यामागचे तंत्र वैद्यकाला जुनेच आहे. मेंदूचा आदेश मज्जातंतूतून स्नायूपर्यंत येतो, तिथे ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन सुटते आणि स्नायूत सूक्ष्म विद्युतलहर उठते. त्वचेवर ती जेमतेम काही मिलिव्होल्ट, अनेकदा त्याहूनही कमी भरते. लकवा किंवा मज्जातंतूचे आजार तपासताना ‘ईएमजी’मध्ये डॉक्टर हीच लहर वाचतात. हात तुटलेल्यांचे विजेवर चालणारे कृत्रिम हातही उरलेल्या स्नायूंच्या अशाच लहरींवर उघडतात, मिटतात. एमआयटीच्या प्रयोगात तिच्या जोडीला हाताची हालचाल मोजणारा संवेदक होता. तसा तर आपल्या मोबाइलमध्येही असतो.

त्या प्रयोगात ड्रोनला कड्यांमधून उडवताना केलेल्या १,५०० हून अधिक इशाऱ्यांपैकी ८२ टक्के इशारे त्याने बरोबर पाळले. प्रयोगशाळेत हे कौतुकास्पद आहे. पण विजेच्या तारेखाली, विषाची टाकी घेऊन उडताना शंभरातले अठरा चुकणे परवडायचे नाही. त्यात घामाने संवेदक सरकतात, आणि थकलेल्या स्नायूची लहर बदलते.

आणखी एक अडचण अभियंत्यापेक्षा डॉक्टरला आधी दिसेल. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके ॲसिटिलकोलीन विझवणारे विकरच बंद पाडतात. रसायन साचते, स्नायू आपोआप फडफडू लागतात. विष भिनलेला दंड ड्रोनला न दिलेले हुकूम देऊ शकेल. (उलट, असा पट्टा विषबाधेची पहिली चाहूलही देऊ शकेल काय, हे तपासण्याजोगे आहे.)

असा पट्टा शेतापर्यंत येईल तेव्हा येईल. तोवर ध्यानात ठेवायची गोष्ट वेगळीच आहे. पाठीवरच्या पंपाने एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागते, ड्रोनला साधारण दहा. म्हणजे टाकीतले मिश्रण कितीतरी जहाल, आणि ते कालवणारे हात माणसाचेच. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा तिथे हवाच. कालवताना किंवा नंतर अतिघाम, लाळ, अंधुक दिसणे, स्नायू फडफडणे यांपैकी काहीही जाणवले तर कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठावे. डब्यावरचे नाव वाचता आले की उपचाराला लगेच दिशा मिळते.