केसतूड पिळू नका!

उसाच्या धांदलीतून दोन दिवस काढून आम्ही डोंबिवलीला कबड्डीचे सामने बघायला गेलो होतो. आपल्या गटातली चार-पाच पोरं नोकरीपायी ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडं राहतात आणि संध्याकाळी मैदानात उतरतात. पण त्यांतला चढाईचा हुकमी गडी बाकावर बसलेला! मांडीवर केसतूड आलं, गड्यानं ते पिळलं, वर कुणाच्या तरी सांगण्यावरून बिब्बा लावला. बिब्ब्यानं कातडी भाजली, मांडी टरारून सुजली, ताप भरला. शेवटी डॉक्टरांनी चीर देऊन पू काढला.

हा प्रताप स्टॅफिलोकोकस नावाच्या जंतूंचा. धडधाकट माणसांतही साधारण तिघांपैकी एकाच्या नाकात ते गुपचूप राहतात. खरचटलं की आत शिरतात. खाडीकाठची ती दमट हवा, लोकलची गर्दी, कालची घामट जर्सी दिवसभर पिशवीत कोंबलेली, आणि सात जणांत टॉवेल एक! आम्ही डोळ्यांनी पाहिलं, म्हणून लिहितो.

हे फक्त आपल्याकडंच होतं असं नव्हे. 2003 साली अमेरिकेत सेंट लुईस रॅम्स या नामांकित फुटबॉल संघातल्या 5 खेळाडूंना नेहमीच्या औषधांना दाद न देणारी गळवं झाली. तपासणीत आढळलं की ती हिरवळीवर खरचटलेल्या जागीच उठली होती. तिथंही टॉवेल एकमेकांचे वापरले जात होते. एवढा पैसा असून ही तऱ्हा!

बेणं तोडताना एका बेटाचा रोग दुसऱ्याला जाऊ नये म्हणून आपण कोयता निर्जंतुक करतो ना? मग टॉवेल, वस्तरा, गुडघ्याची पट्टी ज्याची त्यानंच वापरावी. खेळ संपताच साबणानं अंघोळ करावी. खरचटलेलं धुऊन झाकावं. कपडे रोज धुवावेत, तालमीतली मॅट जंतुनाशकानं पुसावी. लाल, गरम, ठणकणारी गाठ दिसली की 'किडा चावला असेल' म्हणून सोडू नये, डॉक्टरांना दाखवावी. दिलेल्या गोळ्या बरं वाटलं तरी पुऱ्या कराव्यात. अमेरिकेतल्या कॉलेजच्या कुस्तीत तर असा संसर्ग झाल्यास 72 तास औषध पोटात गेल्याशिवाय, 48 तासांत नवी पुटकुळी उठली नाही हे पाहिल्याशिवाय आणि जखम सुकल्याशिवाय मल्लाला आखाड्यात घेतच नाहीत.

आमचा गडी आता बरा आहे. बिब्बा कुणी सुचवला, ते मात्र अजून सांगत नाही.