दोन टक्क्यांपलीकडचा हिशेब

नागपुरात जमशेटजी टाटांच्या एम्प्रेस मिलने १८८६ साली निवृत्तिवेतन निधी उभारला, १८९५ साली अपघातभरपाई सुरू केली. भरपाईचा कायदा आला तो १९२३ मध्ये. यात निव्वळ परोपकार नव्हता, कामगार टिकविण्याची निकडही होती.

आज २०१३ च्या कंपनी कायद्याचे १३५ वे कलम मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावयास सांगते. नफा मिळविताना समाजाची हानी किती झाली, हे मात्र विचारीत नाही. तो प्रश्न 'सेबी' विचारते, पण २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांनाच. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीजकेंद्राचा राखबंधारा फुटून राखेचे पाणी शेतांत शिरले. केंद्र चालविणारी 'महानिर्मिती' शेअर बाजारात नाही. मग त्या शेतांची नोंद कोणत्या अहवालात शोधावयाची?